किती लांब?

गेल्या जुलैमधली गोष्ट आहे. लिहू की नको असं करत इतके दिवस गेले, कारण हा ब्लॉग वाचणाऱ्यांपैकी निम्मी मंडळी घरचीच आहेत आणि त्यांना यातलं बरंचसं ठाऊक आहे. फक्त एक गोष्ट त्यांना ठाऊक नाही. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

संध्याकाळची विरार लोकल. अंधेरीला कसाबसा आत शिरलो होतो, एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात डबा आणि फोन. फोनवर धाकटा चुलतभाऊ.

"दादा, दिव्यांचे चोक पंपाच्या खोलीत ठेवले तर चालेल ना? बाहेर पाऊस असतो."

"हो, चालेल की," मी म्हणालो, आणि बोरिवलीची गर्दी चढली म्हणून फोन ठेवला.

मी २२ वर्षं कारखान्यात विजेचं काम बघतोय. घरात कुणाचा गिझर बंद पडला तरी फोन मला येतो. त्या दिवशी मी एकच प्रश्न विचारायला हवा होता, 'पंपाच्या खोलीपासून दिवे किती लांब आहेत?' तो विचारला नाही. पुढे जे झालं त्यात वायरमनची चूक आहे, भावाची आहे, पण पहिली चूक त्या लोकलमधल्या 'चालेल की'ची आहे. माझं आजचं म्हणणंही तेवढंच आहे. विजेचं कुठलंही काम असो, दिवा केवढ्याचा, कुठल्या कंपनीचा, किती वॅटचा, हे सगळं नंतर. आधी विचारा, किती लांब?

आता सविस्तर.

काकांची वाडी निर्मळच्या अलीकडे. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. नालासोपारा पश्चिमेला उतरून रिक्षा केली की आधी इमारतींची रांग संपतच नाही, आणि मग एका वळणावर अचानक नारळ, सुपारी, केळी आणि गारवा. लहानपणी मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं तिथेच असायचो. विहिरीवरचा रहाट मी चालताना पाहिलेला नाही, पण त्याचे दगड अजून आहेत. काकांनी आयुष्यभर केळी, पानवेल आणि फुलं केली. मोगरा पहाटे खुडायचा आणि पहिल्या लोकलने दादरच्या फूलबाजारात न्यायचा, हे काकूंनी कित्येक वर्षं केलं.

धाकट्याने गेली काही वर्षं त्याच वाडीत रोपवाटिका सुरू केली आहे. त्याचा हिशोब सरळ आहे. आजूबाजूला टॉवर झाले, प्रत्येक टॉवरला बाल्कन्या आहेत, आणि प्रत्येक बाल्कनीला चार कुंड्या हव्या असतात. वाडी विका म्हणून दर महिन्याला कुणी ना कुणी दारात येतं. त्यांना नाही म्हणायचं तर वाडीने कमवायला हवं. त्यामुळे ही रोपवाटिका म्हणजे त्याचा छंद नाही, हे आधीच लक्षात घ्या.

अडचण पावसाळ्याची. जून-जुलैत आपल्याकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. त्यात वर शेडनेट आणि प्लॅस्टिक. रोपं उजेड शोधत नुसती उंच होतात, काडीसारखी बारीक, पानं फिकट, आणि मुळाशी बुरशी. गणपतीच्या आधी जेव्हा गिऱ्हाईक येतं तेव्हाच माल दाखवण्यासारखा नसतो. त्याने कुठेतरी वाचलं की हॉलंडमध्ये काचघरांत गुलाबांवर आणि टोमॅटोवर सोडियमचे मोठे दिवे लावतात. वाचलं ते खरंच आहे. आणि तसले दिवे त्याला मिळाले भंगारात! २०१५ च्या सुमारास देशभर रस्त्यांवरचे पिवळे सोडियमचे दिवे उतरवून एलईडी लावायला जोरात सुरुवात झाली. ती उतरवलेली फिटिंगं भंगारवाल्यांकडे अजूनही येतात. ४०० वॅटची चार फिटिंगं, चोक, इग्नायटर, कपॅसिटर सगळं मिळून त्याला नव्या एका एलईडीच्या किमतीत पडलं. खूश होता गडी.

रस्त्याच्या फिटिंगमध्ये चोक आतच असतो. पण त्याने तो बाहेर काढला. कारण दोन. एक म्हणजे वजन. ४०० वॅटचा तांब्याचा चोक उचलून बघा, हातात विटेसारखा लागतो, आणि शेडनेटचा सांगाडा साध्या जीआय पाइपांचा. दुसरं म्हणजे पाऊस. चोक, कपॅसिटर, जोडण्या सगळं कोरड्या जागी असावं असं त्याला वाटलं. यात काहीही मूर्खपणा नाही. तुम्ही-आम्ही कुणीही तसाच विचार केला असता. म्हणून चारही चोक पंपाच्या खोलीत स्टार्टरशेजारी फळीवर एका ओळीत बसले, आणि तिथून प्रत्येक दिव्याला दीडच्या वायरची एकेक जोडी गेली. सुपारीच्या झाडांना बांधत बांधत, पुढे पाइपांच्या सांगाड्यावरून.

दिवे लागेनात.

चार दिवस उघडीप असली की एखादा लागायचा. पाऊस धरला की चारही बंद. म्हणजे ज्यासाठी आणले नेमके तेव्हाच बंद. वायरमन आला. त्याने दिवे बदलले, मग इग्नायटर बदलले, मग फिटिंगमध्ये पाणी जातं म्हणून सिलिकॉन भरलं. एके ठिकाणी वायर कमी पडली तिथे जॉइंट मारून वर टेप गुंडाळली. पंपाच्या खोलीत इग्नायटर रात्रभर टिकटिकत राहायचे, वर दिवे काळेच.

आणि एका सकाळी काका नेहमीप्रमाणे अनवाणी रोपं बघायला गेले, रात्रीचा खटका चालूच होता, आणि त्यांनी सांगाड्याच्या पाइपाला हात लावला.

काकू सांगतात, "आवाज आला म्हणून गेले तर चिखलात बसलेले. डोळे उघडे, पण बोलेनात." झटक्याने ते मागे फेकले गेले म्हणून वाचले. पाइप मुठीत धरलेला असता तर हात सुटला नसता. एक रात्र दवाखान्यात ठेवलं, हृदयाचे आलेख काढले, सगळं ठीक निघालं. ७४ वर्षांचे आहेत. दुसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा पहिलं वाक्य धाकट्याला, "दिवे काढ." आणि धाकटा मान खाली घालून म्हणाला, "दिवे काढतो बाबा. पण मग रोपं कशी करू ते सांगा."

मी रविवारी गेलो. मला कुणीच काही बोललं नाही. 'तू चालेल म्हणाला होतास' हे वाक्य त्या घरात उच्चारलं गेलं नाही आणि मीही काढलं नाही. मी फक्त पंपाच्या खोलीच्या दारापासून चालायला सुरुवात केली आणि पावलं मोजली. शेवटच्या दिव्यापर्यंत ६५ पावलं. म्हणजे जवळजवळ ५० मीटर.

आता या ५० मीटरांत काय काय होतं ते नीट सांगतो. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी पुढचे काही परिच्छेद ओलांडले तरी चालतील, पण तिसरा मुद्दा मात्र वाचा.

सोडियमचा दिवा ट्यूबलाइटसारखाच, वीज दिली की आपण होऊन लागत नाही. आधी त्याच्या आतल्या वायूतून ठिणगी जावी लागते. ४०० वॅटच्या दिव्याला त्यासाठी ४ ते ५ हजार व्होल्टचा क्षणभराचा झटका लागतो. तो झटका इग्नायटर देतो. एकदा दिवा पेटला की मात्र तो स्वतःहून वीज ओढत सुटतो. त्याला आवरणारा तो चोक. म्हणजे इग्नायटर हाक मारणारा, आणि चोक लगाम धरणारा.

पहिला मुद्दा. ही हाक लांब जात नाही. शेजारी शेजारी जाणाऱ्या दोन तारा म्हणजे एक लांबलचक कपॅसिटरच असतो. मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या घरात. आकडा क्षुल्लक दिसतो, पण इग्नायटरचा झटकाही मायक्रोसेकंदांचा. ५० मीटर म्हटलं की ५००० पिकोफॅरड झाले. झटक्यातली बरीचशी ताकद ही तार 'भरण्यातच' संपते आणि दिव्यापाशी पोचते ती नुसती कुजबूज. वायर भिजली, जॉइंटमध्ये ओल शिरली की तीही नाही. बरेचसे इग्नायटर दिव्यापासून एक-दोन मीटरपेक्षा लांब ठेवायचे नसतात. काही खास प्रकार १५-२० मीटर चालतात. इग्नायटरच्या अंगावर किंवा कागदावर हे लिहिलेलं असतं. भंगारातल्या इग्नायटरचा कागद कुठला असणार? शिवाय आणखी एक. घरातल्या वायरीवर बारकाईने बघा, ११०० व्होल्ट असं छापलेलं असतं. त्या वायरीतून दिवा लागेपर्यंत ५ हजारांचे झटके सतत पाठवायचे, तेही रात्रभर, पावसात, सुपारीला बांधून!

दुसरा मुद्दा पैशाचा. चोकच्या पुढे, दिव्याकडे जाणाऱ्या तारेत ४.६ अँपिअर वाहतात, कारण पेटलेला दिवा साधारण १०० व्होल्टवर चालतो. चोकच्या अलीकडे कपॅसिटर नीट जोडला असेल तर त्याच दिव्यासाठी साधारण २.२ अँपिअरच वाहतात. काम तेच, करंट निम्म्याहून कमी. दीडच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम. ५० मीटर जाऊन परत यायचं म्हणजे १०० मीटर, म्हणजे १.२ ओहम. आता गुणाकार करा. चोक लांब ठेवला तर तारेत २५ वॅट जळतात. चोक आणि कपॅसिटर दिव्याजवळ ठेवले तर ६. चार दिव्यांचे १०० वॅट नुसते सुपाऱ्यांना ऊब द्यायला. आणि तारेचं उरलेलं वेटोळं पंपाच्या खोलीत खिळ्याला टांगलेलं होतं, ते वेगळंच. वेटोळ्यात तार गरम होते, गारवा मिळत नाही, आणि लांबी तर मोजलीच जाते.

तिसरा मुद्दा जिवाचा. हा मला स्वतःला त्या रविवारी चालताना सुचला आणि पोटात गोळा आला. चोक हा लगाम आहे असं वर म्हटलं. तो दिव्याला लगाम घालतो तसा बिघाडालाही घालतो. चोकच्या पुढची तार कुठे घासून उघडी पडली आणि थेट लोखंडाला लागली, पूर्ण शॉर्ट झाली, तरीही चोक ६ अँपिअरच्या आसपासच करंट जाऊ देतो. खोलीत एमसीबी होता १६ अँपिअरचा. त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल. तो पडणारच नाही! म्हणजे चोकच्या पुढची प्रत्येक फूट तार ही अशी तार आहे की जिच्यावर आपला पहारेकरी डोळे मिटून बसलेला आहे. चोक दिव्यात असतो तेव्हा ही आंधळी तार वीतभर असते, फिटिंगच्या पत्र्याच्या आत. आपण ती ५० मीटर केली आणि माणसांच्या वावरात आणून बांधली.

पाइपाच्या कोपऱ्यावर एका ठिकाणी वायर वाऱ्याने घासून घासून तिचं आवरण गेलेलं मला सापडलं. सांगाड्याला अर्थिंग नव्हतं. आरसीसीबी नव्हता. हेही स्पष्ट लिहितो, कारण पुष्कळांचा गैरसमज असतो. एमसीबी हा वायर वाचवण्यासाठी असतो, माणूस वाचवण्यासाठी नाही. माणसाला मारायला लागणारा करंट एमसीबीला दिसतसुद्धा नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग, दोन्ही लागतं. ओल्या मातीत अनवाणी पायांनी काम करणाऱ्या माणसाच्या वाडीत ते नसणं हा गुन्हाच आहे, आणि तो आमच्या घरचा गुन्हा आहे.

हे सगळं मी ओट्यावर बसून कागदावर काढून धाकट्याला समजावत होतो. काका झोपाळ्यावर डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपलेत. मध्येच म्हणाले, "मोटारीच्या वेळीपण हेच झालं होतं."

आम्ही दोघं गप्प.

मग त्यांनी सांगितलं. वाडीत पहिली विजेची मोटार आली तेव्हा मीटर घराला आणि विहीर पार टोकाला. वायर स्वस्तातली बारीक घातली. सकाळी मोटार उचलायची, संध्याकाळी सगळीकडचे दिवे लागले की नुसती घूं करायची. दोनदा वाइंडिंग जळालं. जो तो मोटारीला नावं ठेवी. शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनने मोटारीकडे बघितलंही नाही, नुसता घरापासून विहिरीपर्यंत चालत गेला आणि म्हणाला, जाड वायर घाला. त्यानंतर ती मोटार कित्येक वर्षं चालली.

"पाटाचं पाणी कसं," काका म्हणाले, "पहिल्या केळीला भरपूर आणि शेवटच्या केळीला घोटभर. पाट लांब असला की रुंद करायचा, नाहीतर विहीर जवळ खणायची."

मी कारखान्यातला माणूस, माझ्या तोंडावर आलंच होतं की काका, पाण्याची गळती आणि तारेतली घट यात फरक आहे, पाणी मातीत मुरतं आणि वीज तारेतच उष्णता होऊन जाते, करंट तर शेवटपर्यंत तेवढाच असतो... पण गिळलं. कारण उत्तर दोन्हीचं एकच आहे. एकतर पाट रुंद करा, नाहीतर विहीर जवळ आणा. आणि आम्ही दोघांनी मिळून वाडीतल्या ज्या एकमेव माणसाला हे ठाऊक होतं त्यालाच विचारलं नव्हतं.

आता माझं मत. चोक दिव्याजवळच हवा. २३० व्होल्टची सरळ, जाड, अर्थिंगसकट केबल दिव्यांच्या जागेपर्यंत न्यायची आणि चोक, इग्नायटर, कपॅसिटर तिथेच पावसाला तोंड देणाऱ्या पेटीत बसवायचे. यावर तीन आक्षेप येतात, आणि तिन्ही अगदी रास्त आहेत, म्हणून उत्तरं देतो.

पाऊस. पाऊस लागतो म्हणून चोक लांब नेला, पण मग पाऊस ५० मीटर तारेला लागला. एक पेटी कोरडी ठेवणं सोपं की ५० मीटर? पेटी एकदा नीट बसवली, वायरी खालून ग्रंथीतून आत घेतल्या (बाजारात त्याला ग्लँडच म्हणतात), की झालं.

उष्णता. हे खरं आहे. ४०० वॅटचा चोक स्वतः ४० वॅटच्या आसपास उष्णता टाकतो, म्हणजे चारांचे मिळून १६०. हॉलंडच्या थंडीत ती पथ्यावर पडते, वसईच्या दमटपणात नाही. मग चोक शेडनेटच्या बाहेर, दोन-तीन मीटरवर खांबावर लावा. आणि अगदीच लांब न्यायची पाळी आली तर निदान इग्नायटर तरी दिव्यापाशी राहील असा प्रकार घ्या, ज्यात झटका फक्त शेवटच्या हातभर तारेत असतो. पण मग चोकच्या पुढच्या आंधळ्या तारेचं काय, ते उत्तर आधी द्या.

खर्च. इथे मात्र गंमत आहे. धाकट्याने चार दिव्यांना दीडच्या चार जोड्या टाकल्या होत्या. म्हणजे दीडच्या आठ तारा, एकूण १२ चौरस मिलिमीटर तांबं, ५० मीटर. त्याऐवजी चारच्या तीन तारा घेतल्या, फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग, तर चार त्रिक बारा! तेवढंच तांबं. चारही दिव्यांचे मिळून ८.८ अँपिअर त्यातून जातात, शेवटी ४ व्होल्ट पडतात, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. दिव्यांसाठी तीन टक्क्यांपर्यंतची घट चालवून घेतात. वर खर्च काय, तर पेटी आणि आरसीसीबी. काकांच्या दवाखान्याच्या एका रात्रीचं बिल त्याहून जास्त होतं.

"आता एलईडी घ्या, प्रश्न मिटला," असं सांगणारेही भेटले. एलईडी चांगलाच, वीज खूप कमी खातो, इग्नायटरची भानगड नाही. पण लांबी तिथेही सुटत नाही, उलट कधी कधी जास्त छळते. १२ व्होल्टच्या १०० वॅटच्या पट्ट्या घेतल्या आणि त्यांचा ड्रायव्हर दीडच्या वायरीने २० मीटर लांब ठेवला, तर १२ पैकी जवळजवळ ४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडायला निघतात, पट्ट्या निम्म्याने मिणमिणतात. २४ व्होल्टच्या घेतल्या तर २ पडतात. व्होल्टेज जितकं कमी तितकी लांबी महाग. आपल्या राज्यात ड्रॅगनफ्रूटचे काही बागायतदार हिवाळ्यात रात्री ओळींवर छोटे एलईडी दिवे लावून अवेळी फुलं आणतात. दिवा ९-१० वॅटचा, पण ओळी शेकडो मीटरच्या. तिथेही शेवटच्या झाडापाशी उभं राहूनच हिशोब करायला हवा.

आपण असे का वागतो, याचा मी बराच विचार केला. दिवा दिसतो, म्हणून त्याची किंमत, वॅट, कंपनी सगळं विचारतो. तार दिसत नाही. ती नुसती 'मधली' असते. मधल्या गोष्टीत पैसे घालणं आपल्या जिवावर येतं. आणि सल्ला देणारा माझ्यासारखा असेल तर त्यालाही समोरची वस्तूच दिसते, मधलं अंतर दिसत नाही, कारण तो तिथे नसतो, लोकलमध्ये असतो. विचारणाऱ्याने अंतर सांगितलं नाही ही त्याची चूक नाही. त्याला ते महत्त्वाचं आहे हेच माहीत नसतं. ते विचारणं हे सल्ला देणाऱ्याचं काम. फोनवर 'चालेल' म्हणायला दोन सेकंद लागतात. 'किती लांब?' विचारायलाही दोनच लागतात.

असो. पुढे काय झालं ते सांगतो. ऑगस्टमध्ये दोन रविवार घालवून आम्ही दोघांनी जुनी वायरिंग पूर्ण उतरवली. चारची तीन तारांची केबल जमिनीखालून पाइपातून नेली, सांगाड्याला अर्थिंग केलं, पंपाच्या खोलीत आरसीसीबी बसवला, आणि शेडनेटबाहेर सिमेंटच्या खांबावर पेटी. दिवे मात्र चारऐवजी दोनच लावले. बाकीची जागा पुढच्या वर्षी एलईडीने भरायची असं धाकट्याचं म्हणणं आहे. काकांची अट एकच होती, खटका त्यांच्या हातात. दिवे चालू असताना आत कुणी जायचं नाही, आणि आत जायच्या आधी खटका ते स्वतः पाडणार.

पहिल्या दिवशी दिवे लावले तेव्हा पाऊस चांगलाच लागला होता. धाकटा पेटीपाशी छत्री धरून, मी खोलीच्या दारात, काका खटक्यापाशी. काकांनी खटका टाकला. आधी जांभळट, मग गुलाबी, मग हळूहळू तो ओळखीचा पिवळा उजेड. लहानपणी स्टेशनवरून येताना रस्त्यावर असायचा तोच. काकू ओट्यावरून ओरडल्या, "लागले का?"

काकांनी उत्तर दिलं नाही. ते खोलीपासून दिव्यापर्यंत बघत होते. मग मला म्हणाले, "त्या दिवशी पावलं किती भरली होती?"

"६५."

"तुझी. माझी ८० भरतील," म्हणाले आणि आत गेले.

त्या रात्री घरी येताना ठरवलं की लोकलची गोष्ट लिहायची. धाकट्या, तू हे वाचशीलच. तू त्या दिवशी बरोबर माणसाला विचारलं होतंस. त्या माणसाने नीट ऐकलं नाही.

ता. क. ज्यांच्या ज्यांच्या वाडीत विहिरीवर मोटार आहे त्या सगळ्या नातेवाइकांना विनंती. या रविवारी मीटरपासून विहिरीपर्यंत चालत जा, पावलं मोजा, वायर कितीची आहे ते बघा, बोर्डात आरसीसीबी आहे का बघा, आणि मग मला फोन करा. या वेळी लोकलमध्ये असलो तर घरी पोचून उलटा फोन करेन.